भुलीची वाफ जाते कुठे?

ऑपरेशन संपते, पेशंट शुद्धीवर येतो, बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. दोन-तीन तास पेशंटच्या श्वासातून आत-बाहेर करत राहिलेल्या भुलीच्या वाफेचा विचार मग कोणी करत नाही. शरीर त्यातला फारच थोडा भाग पचवते. उरलेली वाफ जशीच्या तशी उच्छ्वासातून बाहेर पडते आणि पुष्कळ रुग्णालयांत थिएटरमधल्या नळीवाटे इमारतीबाहेरच्या हवेत सोडली जाते. पुढे तिचे काय होते, हे कोणते औषध वापरले यावर ठरते आणि उत्तरांतली तफावत थक्क करणारी आहे. एकोणिसाव्या शतकात वापरात आलेले साधे ईथर हवेत जेमतेम एक दिवस टिकते. त्याच्याच कुळातले, गेल्या तीसेक वर्षांत वापरात आलेले डेसफ्लुरेन सुमारे १४ वर्षे टिकते.

दोन्ही रेणूंची ठेवण एकाच धाटणीची: मधोमध ऑक्सिजनचा एक अणू आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बन. ही ठेवण असलेल्या सगळ्याच संयुगांना ईथर म्हणतात. मग एकाचे आयुष्य तासांत आणि दुसऱ्याचे वर्षांत का मोजावे लागते? त्याचे कारण एका आकड्यात आहे. हवेतले मुक्त मूलक त्या रेणूला किती वेगाने गाठून मोडतात, तो हा आकडा. गेली पन्नासेक वर्षे रसायनशास्त्रज्ञ शेकडो संयुगांसाठी असे आकडे चिकाटीने मोजत आले आहेत.

एकट्या इलेक्ट्रॉनची घाई

रेणूंमधले इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. ज्या अणू-रेणूत एखादा इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो त्याला मुक्त मूलक म्हणतात. जोडीदार मिळवण्यासाठी तो समोर येईल त्या रेणूशी झटापट करतो, म्हणून बहुतेक मूलके क्षणभरच जगतात. १९०० साली मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांनी ट्रायफेनिलमिथाइल हे बऱ्यापैकी टिकाऊ मूलक दाखवून दिले, तेव्हा कुठे अशा गोष्टी अस्तित्वात असू शकतात हे पटायला सुरुवात झाली.

आपल्या डोक्यावरच्या हवेत सर्वांत महत्त्वाचे मूलक म्हणजे हायड्रॉक्सिल: एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि एकटा इलेक्ट्रॉन. सूर्याचे अतिनील किरण ओझोनच्या रेणूला फोडतात. त्यातून सुटलेला ऊर्जाभारित ऑक्सिजन अणू पाण्याच्या वाफेच्या रेणूवर आदळला की दोन हायड्रॉक्सिल तयार होतात. जमिनीलगतच्या वातावरणातही ही मूलके सतत तयार होत असली पाहिजेत आणि हवेच्या सफाईचे मुख्य काम तीच करत असली पाहिजेत, हे १९७१ मध्ये हायरम लेव्ही या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडले. तोवर हवेतल्या कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूंची विल्हेवाट नेमकी कशी लागते, याचे समाधानकारक उत्तर नव्हते.

हायड्रॉक्सिलची संख्या मात्र अगदीच क्षुल्लक. एका घनसेंटिमीटर हवेत सरासरी दहा लाखांच्या आसपास. आकडा मोठा वाटतो, पण त्याच घनसेंटिमीटरमध्ये हवेचे एकूण रेणू इतके असतात की दर २५ लाख कोटी रेणूंमागे एक हायड्रॉक्सिल असे प्रमाण पडते. त्यातही प्रत्येकाचे आयुष्य एका सेकंदाहून कमी. दिवसा तयार होतात, दिवसाच संपतात. रात्री ती जवळजवळ नसतातच. एवढ्या तुटपुंज्या फौजेवर साऱ्या वातावरणाची सफाई चालते.

ऑक्सिजनशेजारचा हायड्रोजन

हायड्रॉक्सिल ईथरला भेटले की काय करते? ईथरमधला एक हायड्रोजन अणू ओढून घेते आणि स्वतः पाणी होऊन मोकळे होते. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध फार बळकट. तो तोडायला मोलमागे सुमारे ४९७ किलोज्यूल ऊर्जा लागते. कार्बन-हायड्रोजन बंध त्याहून कमकुवत, त्यामुळे हा व्यवहार हायड्रॉक्सिलच्या फायद्याचाच असतो. किती फायद्याचा, हे तो हायड्रोजन कुठे बसला आहे त्यावर अवलंबून.

यासाठी दोन रेणू शेजारी ठेवून पाहू. पेंटेन म्हणजे पाच कार्बनांची साधी साखळी. तिच्यातला मधला कार्बन, त्याच्या दोन हायड्रोजनांसकट, काढून तिथे ऑक्सिजन बसवला की झाले डायएथिल ईथर, म्हणजे भुलीचे जुने ईथर. पेंटेनमध्ये हायड्रोजन १२, ईथरमध्ये १०. ओढायला हायड्रोजन कमी, तेव्हा वेगही कमी असावा असे वाटेल. प्रत्यक्षात खोलीच्या तापमानाला ईथर हायड्रॉक्सिलशी पेंटेनच्या तिपटीहून जास्त वेगाने अभिक्रिया करते.

याचे कारण ऑक्सिजनच्या शेजारच्या कार्बनावर आहे. तिथला हायड्रोजन निघून गेला की मागे एकट्या इलेक्ट्रॉनसह तो कार्बन उरतो. शेजारच्या ऑक्सिजनकडे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात. त्या या एकाकी इलेक्ट्रॉनला थोडे सावरून घेतात. मागे उरणारे मूलक सावरले जाते, म्हणून बंध तोडणेही सोपे होते: पेंटेनच्या मधल्या कार्बनांवर हा बंध तोडायला सुमारे ४१० किलोज्यूल लागतात, ईथरमध्ये ३९०च्या आसपास. त्यात आणखी एक भर पडते. हायड्रॉक्सिल आधी ईथरच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने सैलसे चिकटू शकते आणि मग शेजारच्या हायड्रोजनवर हात टाकते. त्यामुळेच साध्या अभिक्रिया तापवल्या की झपाट्याने वेग घेतात, तसे डायएथिल ईथरच्या बाबतीत खोलीच्या तापमानाच्या आसपास होत नाही.

मिलिसेकंदात मरणाऱ्याचा वेग मोजायचा कसा?

सेकंदभरही न टिकणाऱ्या मूलकाचा अभिक्रिया-वेग मोजण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली सरळ. एका काचेच्या किंवा धातूच्या पात्रात अगदी थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडी ईथरची वाफ घेतात. लेझरचा एक झोत मारला की पेरॉक्साइड फुटून क्षणार्धात हायड्रॉक्सिल तयार होते. दुसऱ्या लेझरने, ३०८ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात, ते किती उरले आहे ते त्याच्या चमकण्यावरून टिपत जायचे. ईथर घनसेंटिमीटरमागे १०० लाख कोटी रेणू एवढे ठेवले, म्हणजे साध्या हवेच्या मानाने दहा लाखांत चार भाग, तर हायड्रॉक्सिल पाऊण मिलिसेकंदातच बरेचसे संपते. ईथर दुप्पट केले की संपण्याचा वेग दुप्पट. तिप्पट केले की तिप्पट. या चढत्या रेषेचा उतार म्हणजेच हवा असलेला वेग-स्थिरांक. प्रकाशाच्या झोताने मूलके निर्माण करून त्यांचा पाठलाग करण्याचे हे तंत्र १९४९ मध्ये रोनाल्ड नॉरिश आणि जॉर्ज पोर्टर यांनी केंब्रिजमध्ये रुजवले. १९६७च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता.

दुसरी रीत जास्त चतुर आहे, कारण तिच्यात हायड्रॉक्सिल मोजावेच लागत नाही. टेफ्लॉनच्या मोठ्या पिशवीत शुद्ध हवा भरतात. तिच्यात ईथर आणि ज्याचा वेग आधीच पक्का माहीत आहे असे दुसरे संयुग, समजा हेक्झेन, एकत्र सोडतात. सोबत मिथाइल नायट्राइट असते. दिवे लावले की त्यातून हायड्रॉक्सिल तयार होत राहते आणि ते दोघांवरही तुटून पडते. अधूनमधून थोडी हवा काढून गॅस क्रोमॅटोग्राफवर दोघांचे उरलेले प्रमाण पाहायचे. हेक्झेन निम्मे उरते तेव्हा ईथर १८ टक्क्यांच्या आसपास उरलेले असते. लॉगॅरिदम घेऊन आलेख काढला तर सरळ रेषा येते आणि तिचा उतार निघतो अडीच. म्हणजे ईथरचा वेग हेक्झेनच्या अडीच पट. हायड्रॉक्सिल किती होते, दिव्याचा प्रकाश कमी-जास्त झाला का, याने काही फरक पडत नाही. दोघांनीही एकाच फौजेचा मार खाल्लेला असतो. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथे रॉजर अ‍ॅटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने असंख्य संयुगांचे वेग मोजले. मग त्या साऱ्या आकड्यांवरून, नुसती रेणूची रचना पाहून वेगाचा अंदाज बांधण्याचे कोष्टकही तयार केले. त्या कोष्टकात ईथरचा ऑक्सिजन शेजारच्या कार्बनावरचा वेग सुमारे आठ पटींनी वाढवतो, असा गुणक आहे.

आकड्यातून आयुष्य

आता हे आकडे पाहू. वेग-स्थिरांकाचे एकक आहे दर रेणू, दर सेकंद घनसेंटिमीटर. तो आकडा फार लहान येतो, म्हणून त्याचा एक लाख-कोटीवा भाग हे माप धरू. या मापात खोलीच्या तापमानाला मिथेन ०.००६, ईथेन ०.२५, प्रोपेन १.१, डायमिथाइल ईथर २.८, पेंटेन ३.८ आणि डायएथिल ईथर १३.

यातून आयुष्य काढणे सोपे आहे. दर घनसेंटिमीटर दहा लाख हायड्रॉक्सिल धरले तर डायएथिल ईथरच्या लाख रेणूंपैकी सेकंदाला १.३ रेणू संपतात. लाखाला १.३ने भागले की साधारण ७७ हजार सेकंद, म्हणजे २१ तास. डायमिथाइल ईथरचे आयुष्य याच हिशेबाने चार दिवसांच्या घरात येते. हायड्रॉक्सिलखेरीज इतर मूलकेही हवेत असतात. क्लोरीनचा अणू ईथरच्या बाबतीत इतका तडफदार की जवळजवळ प्रत्येक टक्करीत हायड्रोजन ओढून नेतो, पण त्याची संख्या हायड्रॉक्सिलच्या पासंगालाही पुरत नाही. नायट्रेट मूलक रात्रपाळी करते, कारण दिवसा सूर्यप्रकाश त्याला टिकू देत नाही. ईथरपुरता विचार केला तर दिवसपाळीचे हायड्रॉक्सिलच निर्णायक ठरते.

लवकर मोडणे म्हणजे निरुपद्रवी असणे, असे मात्र नाही. हायड्रोजन गमावलेले ईथर लगेच हवेतला ऑक्सिजन उचलते आणि पेरॉक्सी मूलक बनते. शहरी हवेत वाहनांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड हजर असतोच. पेरॉक्सी मूलक त्याला आपला एक ऑक्सिजन देऊन नायट्रोजन डायऑक्साइड करून टाकते, आणि त्यावर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. खुद्द ईथर तुटून त्यातून मुख्यतः एथिल फॉर्मेट उरते. थोडक्यात, झटपट मोडणारा रेणू आपल्याच गावच्या धुरक्यात भर घालतो, तर रेंगाळणारा रेणू साऱ्या पृथ्वीभर पसरतो.

शिवाय हवेतले आयुष्य फक्त हवेपुरतेच खरे. मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर, म्हणजे एमटीबीई, पेट्रोल चांगले जळावे म्हणून त्यात मिसळले जाई. हवेत ते चार दिवसांच्या आसपास संपते. पण जमिनीखालच्या टाक्यांना गळती लागून ते भूजलात उतरले, तिथे सूर्यप्रकाश नाही आणि हायड्रॉक्सिलही नाही. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला एमटीबीई आढळल्यामुळे पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. १९९९ मध्ये त्या राज्याने ते पेट्रोलमधून हटवण्याचा निर्णय घेतला.

बाटलीत, ज्योतीत आणि यकृतात

ऑक्सिजनशेजारचा तो सैल हायड्रोजन आकाशातच उपद्व्याप करतो असे नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या प्रत्येकाला एक ताकीद मिळालेली असते: जुनी ईथरची बाटली उघडण्याआधी विचार करा. बाटलीत शिरलेल्या हवेतला ऑक्सिजन आणि प्रकाश मिळून तिथेही हायड्रोजन निघण्याची मालिका सुरू होते आणि पेरॉक्साइड साठत जाते. ते स्फोटक असते. म्हणून ईथर तपकिरी बाटलीत ठेवतात, त्यात बीएचटी नावाचा मूलके शोषून घेणारा पदार्थ चिमूटभर घालतात, आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणावर पिवळट-तपकिरी रंग येतो का ते पाहूनच ऊर्ध्वपातनाला घेतात. ऊर्ध्वपातन करतानाही पात्र कोरडे होऊ देत नाहीत.

ज्योतीतही हीच मालिका, फक्त कितीतरी पटींनी वेगवान. १८१७च्या सुमारास हंफ्री डेव्हीने तापलेली प्लॅटिनमची तार ईथरची वाफ मिसळलेल्या हवेत धरली तेव्हा अंधारात फिकट, हाताला न भाजणारा उजेड दिसला. ही ‘थंड ज्योत’ म्हणजे मूलकांची मालिका पूर्ण भडका उडण्याआधी अर्ध्यावर रेंगाळलेली अवस्था. ईथर एवढ्या सहज पेटते म्हणूनच डायमिथाइल ईथर डिझेलला पर्यायी इंधन म्हणून अभ्यासले जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ते एलपीजीत मिसळून जाळता यावे यासाठी खास बर्नरही विकसित केला आहे.

इंधनाला जे वरदान, तेच ऑपरेशन थिएटरला शाप ठरले. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन भूल दिली आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. तोंडावर जाळीचा मास्क ठेवून त्यावर थेंब थेंब ईथर टाकायची पद्धत पुढे जगभर शंभरेक वर्षे चालली. पण त्याची वाफ हवेपेक्षा अडीच पट जड. टेबलाखाली जमिनीलगत पसरत जाते. विजेवर चालणारी, ठिणगी पाडणारी उपकरणे थिएटरात आली तसे ईथर वापरणे धोक्याचे होऊ लागले.

तोडगा फ्लोरिनने दिला. अणुबॉम्बच्या प्रकल्पात युरेनियमवर काम करताना फ्लोरिनचे रसायनशास्त्र बरेच पुढे गेले होते. त्यातूनच १९५०च्या दशकापासून ईथरमधले हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन बसवलेली भुलीची औषधे येऊ लागली. कार्बन-फ्लोरिन बंधाला हायड्रॉक्सिल हात लावू शकत नाही. फ्लोरिन शेजारचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो, त्यामुळे उरलेले हायड्रोजनही घट्ट होतात. आयसोफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन यांच्यात प्रत्येकी दोनच हायड्रोजन उरतात, सेव्होफ्लुरेनमध्ये तीन. आयसोफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन यांच्यात फरक एका अणूचा: पहिल्यात जिथे क्लोरीन आहे तिथे दुसऱ्यात फ्लोरिन.

मूळ ईथरप्रमाणे भडकून पेटण्याची भीती त्यामुळे संपली. दुसरा फायदा शरीरात दिसला. यकृतातले सायटोक्रोम पी-४५० हे एन्झाइम परक्या रेणूंची विल्हेवाट लावते, तेव्हा पुष्कळदा तेही हायड्रोजन ओढण्यापासूनच सुरुवात करते. हायड्रोजन घट्ट असेल तर औषध शरीरात मोडत नाही आणि त्याचे विषारी तुकडेही पडत नाहीत. सेव्होफ्लुरेनचा २ ते ५ टक्के भाग शरीरात मोडतो, आयसोफ्लुरेनचा ०.२ टक्के आणि डेसफ्लुरेनचा अवघा ०.०२ टक्के.

आता हवेतली आयुष्ये त्याच क्रमाने पाहा. सेव्होफ्लुरेन एक-दोन वर्षे, आयसोफ्लुरेन साडेतीन वर्षांच्या आसपास, डेसफ्लुरेन सुमारे १४ वर्षे. क्रम तोच. वर वापरलेल्या मापात डेसफ्लुरेनचा वेग-स्थिरांक ०.००४४ इतका क्षीण आहे. डायएथिल ईथरच्या साधारण तीन हजारावा भाग. वरच्या थंड हवेत तो आणखी मंदावतो. जे यकृताला मोडता येत नाही, ते वातावरणालाही मोडता येत नाही.

बिल कोणाच्या नावावर?

एवढा काळ टिकणाऱ्या रेणूला कार्बन-फ्लोरिन बंध असणे ही वाईट जोडी आहे. पृथ्वीवरून निघणारी उष्णता अवकाशात जाते ती मुख्यतः ८ ते १२ मायक्रोमीटरच्या खिडकीतून, आणि कार्बन-फ्लोरिन बंध नेमकी तीच उष्णता शोषतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो डेसफ्लुरेन हे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार किलोंइतकी उष्णता अडवते. आयसोफ्लुरेन सुमारे पाचशे किलोंइतकी, सेव्होफ्लुरेन दोनशेच्या आत. त्यात डेसफ्लुरेनची भूल द्यायला श्वासातले प्रमाणही जास्त लागते, सहा टक्क्यांच्या आसपास. सेव्होफ्लुरेन दोन टक्क्यांत भागते.

जगाच्या एकूण तापमानवाढीत भुलीच्या वायूंचा वाटा नगण्य आहे, हे खरे. पेशंटच्या सुरक्षिततेशी तडजोड करून हवा वाचवा, असेही कोणी म्हणत नाही. पण बहुतेक शस्त्रक्रियांत डेसफ्लुरेनचे काम दुसऱ्या औषधाने भागते. भुलीच्या यंत्रातून ताज्या वायूचा प्रवाह कमी ठेवून पेशंटच्या उच्छ्वासातला वायू शुद्ध करून पुन्हा वापरता येतो. शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफॉलने ही वाफच टाळता येते. म्हणूनच स्कॉटलंडने २०२३ मध्ये आपल्या सरकारी आरोग्यसेवेतून डेसफ्लुरेन काढून टाकले, आणि युरोपीय संघात १ जानेवारी २०२६पासून अन्य औषध चालतच नसेल तरच ते वापरता येते. त्या नियमामागे टेफ्लॉनच्या पिशव्यांत आणि लेझरच्या झोतांत मोजलेले वेगच आहेत.

नव्या रेणूची चाचणी घेताना तो पेशंटला मानवतो का, पेट घेतो का, यकृतात मोडतो का हे आपण पूर्वीपासून विचारतो. तो हवेत किती दिवस राहील, हा प्रश्नही त्याच यादीत, तोही वापर सुरू होण्याआधीच, असायला हवा. त्याचे उत्तर मोजायला फार वर्षे लागत नाहीत, खर्चही औषध शोधण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो. डेसफ्लुरेनच्या बाबतीत तो प्रश्न गांभीर्याने विचारला जाईपर्यंत औषध जगभरच्या थिएटरांत पोहोचले होते. पुढच्या औषधाच्या वेळी तो आधी विचारला जावा.